अडलेल्या विद्यार्थ्यांचे मास्तर : कर्मवीर भाऊराव पाटील

दरवर्षी आपल्या स्मरणिकेच्या पानांवर, परीक्षांत विशेष गुण मिळविणाऱ्या आपल्या ज्ञातीतील मुलामुलींची छायाचित्रे छापली जातात. वार्षिक संमेलनात त्यांना पारितोषिके दिली जातात, आईबापांचे डोळे आनंदाने भरून येतात आणि टाळ्यांच्या गजरात समारंभाची सांगता होते. ही प्रथा सर्वथैव स्तुत्य आहे. गुणांचे कौतुक जो समाज करीत नाही, त्या समाजात गुण फार काळ टिकत नाहीत.

तथापि एक गोष्ट या ठिकाणी प्रांजळपणे नमूद करणे मला अवश्य वाटते. काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीसाठी आलेल्या अर्जांची छाननी करण्याचे काम मजकडे होते. एका विद्यार्थ्याचा अर्ज, तो आदल्या वर्षी गणितात अनुत्तीर्ण झालेला असल्यामुळे, नियमाप्रमाणे मी बाजूला ठेवला. नियम मी केलेला नव्हता. परंतु अर्ज बाजूला ठेवणारा हात माझाच होता. पुढील वर्षी त्या मुलाचा अर्ज आलाच नाही. चौकशी करता कळले की, त्याने शाळा सोडली असून तो एका दुकानात कामाला राहिला आहे. त्याचे वडील मोलमजुरी करणारे. घरात अक्षरओळख असलेले दुसरे कोणी नाही. त्याला गणित समजावून सांगणारे माणूस गावात असेल, पण त्याच्या दारापर्यंत कोणी गेले नाही.

तेव्हापासून एका थोर पुरुषाचे चरित्र माझ्या मनात वारंवार येत असते. ते आपल्या ज्ञातीत जन्मलेले नव्हते आणि कोणत्याही एका ज्ञातीपुरते राहिलेही नाहीत. तरीही यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राचे स्मरण करावे असे मी संपादक मंडळास सुचविले व मंडळाने ते मान्य केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ते पुरुष म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील होत. त्यांच्या संस्थेचा विस्तार सर्वांना ठाऊक आहे. परंतु स्वतः गणितात अडलेला हा विद्यार्थी प्रथम शिकवण्या घेणारा मास्तर होता आणि त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज त्या शिकवण्यांत दिसते, इकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

जन्म व बालपण

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. घराणे जैन धर्मीय. त्यांचे पूर्वज कर्नाटकातील मूडबिद्रीकडून आलेले. पुढे हे कुटुंब वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात कारकून होते व आई गंगाबाई धर्मशील गृहिणी होत्या. वडिलांची नोकरी बदलीची असल्यामुळे मुलाचे प्राथमिक शिक्षण निरनिराळ्या गावी झाले.

लहानपणापासून भाऊराव अंगाने दणकट, स्वभावाने हूड आणि अन्यायाच्या बाबतीत असहिष्णू होते. कुंभोज येथे सार्वजनिक विहिरीवर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना पाणी भरू देत नसत. तहानलेली माणसे विहिरीच्या बाजूला ताटकळत उभी आहेत आणि कोणी पाणी वाढील याची वाट पाहत आहेत, हे दृश्य त्या बालकास सहन झाले नाही आणि त्याने विहिरीवरील रहाटच मोडून पाण्यात टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. जे सर्वांना मिळत नाही ते आपल्यालाही नको, हा त्यांच्या स्वभावाचा धागा पुढे अखेरपर्यंत कायम राहिलेला दिसतो.

विद्यार्थिदशेतील अपयश

विसाव्या शतकाच्या आरंभी भाऊराव इंग्रजी शिक्षणासाठी कोल्हापुरास आले. त्या काळी खेड्यात फार तर मराठी चार इयत्तांची शाळा असे. त्यापुढे शिकावयाचे तर शहर गाठावे लागे आणि शहरात राहावयाचे तर जेवणाखाण्याची व निवाऱ्याची सोय पाहावी लागे. बुद्धीचा प्रश्न तेथे नंतर येत असे. पहिला प्रश्न भाकरीचा असे. ही अडचण ओळखूनच राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघण्यास उत्तेजन दिले. त्यांपैकी जैन वसतिगृहात भाऊरावांची सोय झाली व ते राजाराम हायस्कुलात जाऊ लागले.

परंतु शाळेत त्यांची प्रगती समाधानकारक झाली नाही. तालीम, कुस्ती, पोहणे यांत ते रमत; गणित मात्र त्यांना कधीच वश झाले नाही. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांची गाडी सरकली नाही. खुद्द शाहू महाराजांनी त्यांना वरच्या वर्गात घालण्याविषयी शब्द टाकला असता, गणिताच्या बाणेदार शिक्षकांनी, हा विद्यार्थी ज्या बाकावर बसतो तो बाक वरच्या वर्गात पाठवितो पण त्याला पाठविणार नाही, अशा अर्थाचे उत्तर दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. शिक्षकाचा निःस्पृहपणा आणि राजाची तो ऐकून घेण्याची थोरवी, या दोहोंसाठी ती गोष्ट सांगितली जाते. परंतु त्या प्रसंगी त्या बाकावर बसलेल्या मुलाला काय वाटले असेल, याचा विचार ती सांगताना क्वचितच केला जातो. सर्वांच्या देखत ज्याची बुद्धी बाकाहून कमी ठरली, त्या मुलाने पुढे आयुष्यभर अडलेल्या मुलांची बाजू घेतली, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

त्याच सुमारास दुसरी एक घटना घडली. १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव हजर राहिले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी जैन वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आपल्या आश्रयास ठेवून घेतले व राजर्षींचे विचार आणि कृती अगदी जवळून पाहण्याची संधी त्यांना मिळाली. शाळेने जे दिले नाही ते या सहवासाने दिले.

पाटील मास्तर

१९०९ च्या सुमारास भाऊरावांचा विवाह कुंभोज येथील एका सधन घरातील कन्येशी झाला. त्यांचे माहेरचे नाव आदक्का. सासरी त्या लक्ष्मीबाई झाल्या. शिक्षण अर्धवट राहिलेला, विवाहित आणि तरीही न मिळविता घरी असलेला मुलगा घरच्यांच्या चिंतेचा विषय व्हावा हे स्वाभाविक होते. भाऊरावांनी सातारा गाठले आणि तेथे मुलांच्या खासगी शिकवण्या घेण्यास प्रारंभ केला.

जो स्वतः परीक्षेत अनुत्तीर्ण झाला त्याने इतरांना शिकवावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु शिक्षणाच्या व्यवसायात ज्यांनी काही वर्षे घालविली आहेत त्यांना तीत आश्चर्य वाटणार नाही. ज्याला एखादा विषय सहज आला, त्याला दुसऱ्याला तो का येत नाही हे पुष्कळदा उमगतच नाही. तो नियम सांगतो, उदाहरण सोडवून दाखवितो आणि विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही की चिडतो. उलट जो स्वतः अडून अडून पुढे गेला, त्याला मूल नेमके कोठे अडले आहे ते शोधता येते. मूल त्रैराशिकात चुकते म्हणून आपण त्रैराशिकच पुनःपुन्हा शिकवितो. वस्तुतः त्याची पावकी-निमकी कधी पक्की झालेली नसते. सुगीच्या दिवसांत तो दोन महिने शेतावर होता, तेवढ्यात वर्ग अपूर्णांक उरकून पुढे गेला आणि नंतरचा सर्व डोलारा त्या पोकळीवर उभा राहिला, हे शोधून काढणारा शिक्षक लाभला तर तथाकथित मठ्ठ मूल पाहता पाहता चालू लागते.

भाऊरावांचा शिकवण्यांत चांगला जम बसला. साताऱ्यात लोक त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. प्राप्ती समाधानकारक होती, मान होता आणि हा व्यवसाय असाच चालू ठेवला असता तर ते सुखाने संसार करून साताऱ्यातील एक प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून आयुष्य घालवू शकले असते.

तसे झाले नाही. शिकवणी ही ज्याच्या घरी फी देण्याची ऐपत आहे त्यालाच मिळते. ज्याच्या घरी दिव्याला तेल नाही, पाटी फुटली तर दुसरी आणावयास पैसा नाही, ज्याचा बाप सावकाराच्या दारात आणि आई परक्याच्या शेतात, तो मुलगा तर सर्वांत अधिक अडलेला. पण मास्तरांच्या ओसरीवर तो येणार कोठून? आणि मनाचे औदार्य दाखवून मास्तरांनी त्यास फीवाचून शिकविले, तरी तो तास संपल्यावर जाणार कोठे? जेवणार काय? रात्री वाचणार कोणत्या दिव्याखाली? अशा मुलाला एक तासाची शिकवणी पुरत नाही. त्याला चोवीस तासांचे घर लागते. भाऊरावांनी हा विचार नेमक्या याच शब्दांत मांडला होता असे मी म्हणत नाही. परंतु त्यांनी यापुढे जे जे केले ते या एका विचाराच्या पायऱ्या आहेत असे त्यांचे चरित्र पाहता दिसून येते.

पहिला प्रयोग

शिकवण्या चालू असतानाच, १९१० च्या सुमारास, भाऊरावांनी काही समविचारी मित्रांच्या साहाय्याने दुधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू केला. खेड्यापाड्यांतील गरीब मुलांनी एकत्र राहावे आणि शाळेत जावे, असा त्याचा हेतू होता. विशेष म्हणजे तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र आली. कोल्हापुरातील वसतिगृहे ज्ञातिवार होती आणि त्या काळी ती तशी असणे हीसुद्धा मोठी सुधारणा होती, कारण त्यांच्यामुळेच अनेक समाजांतील पहिली शिकलेली पिढी निर्माण झाली. भाऊरावांनी त्यापुढचे पाऊल टाकले. दारिद्र्याला ज्ञाती नसते, हे त्यांनी शिकवणीच्या निमित्ताने पाहिलेच होते.

यानंतर त्यांच्या आयुष्यात एक कठीण काळ आला. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. हे लठ्ठे म्हणजे जैन वसतिगृहाचे तेच प्रमुख, ज्यांच्या शिस्तीमुळे भाऊरावांना वसतिगृह सोडावे लागले होते. जुना राग काढण्याची ही आयती संधी होती. परंतु भाऊरावांनी तुरुंगवास व छळ सोसला, खोटी साक्ष मात्र दिली नाही. पुढे त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांच्या विक्रीसाठी गावोगाव प्रवास केला व नंतर सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही भाग घेतला. या फिरतीत शेतकऱ्याचे घर त्यांनी आतून पाहिले. नांगर सुधारला तरी कागद वाचता न येणारा शेतकरी कर्जाच्या कागदावर अंगठा उठवितो आणि जमीन गमावतो, हे त्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

रयत शिक्षण संस्था

१९१९ च्या विजयादशमीस, ४ ऑक्टोबर रोजी, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा वारसा या स्थापनेमागे होता. काले, नेर्ले अशा खेड्यांत लहान लहान वसतिगृहे निघाली. पुढे संस्थेचे कार्य साताऱ्यास आले. ज्या गावी पाटील मास्तर शिकवण्या करीत असत, त्याच गावी १९२४ मध्ये त्यांनी आपल्या बिऱ्हाडात मुले आणून ठेवली. त्यांपैकी अगदी आरंभीचे विद्यार्थी ज्ञानदेव घोलप हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील होते. भाऊरावांनी त्यांना स्वतःच्या घरी, स्वतःच्या चुलीवरचे अन्न देऊन शिकविले व पुढे ते कायदेमंडळाचे सभासद झाले.

हे छोटेसे घरगुती वसतिगृह वाढत गेले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेत मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण अशी सर्व समाजांतील मुले एका पंक्तीस जेवत, एकाच अंगणात झोपत आणि एकाच कंदिलाभोवती बसून अभ्यास करीत. स्वयंपाक मुलेच करीत, धुणी-भांडी मुलेच करीत, लाकडे मुलेच फोडीत. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत असत. दाढी वाढलेली, अंगावर जाडेभरडे खादीचे कपडे, पाय अनवाणी, अशी ती भव्य आकृती खेड्यातील बाजारात उभी राहिली म्हणजे शेतकरी आपण होऊन मुलाचा हात त्यांच्या हाती देत.

पैसा कोठून येई? धान्यापासून आरंभ होई. घरोघरच्या बायकांनी दळणकांडणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवावे व ते वसतिगृहासाठी द्यावे, अशी मुष्टिफंडाची योजना होती. एक मूठ कोणालाही जड नाही. पण गावच्या साऱ्या मुठी एकत्र आल्या म्हणजे दहा-वीस मुलांच्या भाकरीची सोय होते. श्रीमंताच्या एका मोठ्या देणगीपेक्षा अशा मुठींनी एक अधिक मोलाची गोष्ट साधली. ज्या घराने मूठ दिली, त्या घराला शाळा आपली वाटू लागली.

लक्ष्मीबाईंचा त्याग

मूठ अपुरी पडे तेव्हा भार घरावर येई. लक्ष्मीबाई सधन माहेराहून पुष्कळ दागिने घेऊन आल्या होत्या. ते एकामागून एक मुलांच्या जेवणापायी गेले. एके प्रसंगी भाऊराव परगावी होते, वसतिगृहातील धान्य संपले होते आणि मुले उपाशी राहण्याची वेळ आली होती. तेव्हा त्या माउलीने आपले मंगळसूत्रही मोडावयास दिले. ज्या काळात मंगळसूत्राला हात लावण्याची कल्पनाही सौभाग्यवतीला असह्य वाटे, त्या काळात हे घडले, हे लक्षात घेतले पाहिजे. परंपरेने वाढलेल्या, सोवळेओवळे मानणाऱ्या घरातून आलेल्या या स्त्रीने सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने जेवू घातले. हा पालट व्याख्यानांनी झाला नाही, भुकेलेली मुले दारात पाहून झाला. १९३० मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. संस्थेला पुढे जे वैभव आले ते त्यांनी पाहिले नाही. परंतु त्यांचा दागिना न दागिना त्या वैभवाच्या पायात गेला आहे. चरित्रलेखक कर्त्या पुरुषाची कामगिरी मोजतो. त्या पुरुषाच्या घरातील चूल कोणाच्या जिवावर पेटत होती हेही मोजले गेले पाहिजे.

कमवा आणि शिका

धर्मादाय अन्नावर वाढलेला विद्यार्थी मनाने मिंधा होतो, अशी भाऊरावांची धारणा होती. म्हणून मुलांनी श्रम करावे आणि त्या श्रमांतून आपले शिक्षण करावे, असा दंडक त्यांनी घातला. मुलांनी ओसाड जमिनी खणल्या, विहिरी काढल्या, दगड फोडले, भाजीपाला पिकविला आणि आपल्या शाळेच्या भिंतीदेखील उभारल्या. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव यांच्या नावाने निघालेले मोफत व निवासी हायस्कूल या तत्त्वावर चालले. १९४७ मध्ये साताऱ्यासच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि कमवा व शिका ही योजना महाविद्यालयापर्यंत पोहोचली.

या योजनेत परीक्षेत मागे पडणाऱ्या मुलाचा विशेष लाभ होता. पुस्तकात जो कच्चा, तो पुष्कळदा शेतात पक्का असतो. वर्गात खाली मान घालून बसणारा मुलगा विहिरीच्या कामावर चारजणांत पुढे उभा राहिला की, आपण अगदीच टाकाऊ नाही हे त्याचे त्यालाच कळते. हा आत्मविश्वास मग वर्गातही त्याच्याबरोबर येतो. भाऊरावांचे स्वतःचे शालेय जीवन तालमीत उजळलेले आणि वर्गात झाकोळलेले होते. त्यामुळे हे मर्म त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

शिक्षक घडविणारे मास्तर

एक मनुष्य कितीही झटला तरी किती मुलांना शिकविणार? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९३५ मध्ये संस्थेने साताऱ्यास शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय काढले. खेड्यातील मुलगा शिकावा, त्याने शिक्षक व्हावे आणि पुन्हा खेड्यातच जावे, अशी ही साखळी होती. शहरातून नाइलाजाने आलेला, बदलीची वाट पाहणारा शिक्षक आणि त्याच मातीतून वर आलेला, मुलाच्या घरची चूल कोणत्या महिन्यात थंड असते हे जाणणारा शिक्षक, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर असते. १९३७ नंतर ज्या गावी शाळा नव्हती तेथे ऐच्छिक शाळा काढण्याची मोहीम संस्थेने हाती घेतली आणि अशा पाचशेहून अधिक शाळा निघाल्या. पुष्कळ ठिकाणी देऊळ, चावडी किंवा एखाद्याची पडवी हीच शाळा होती. शिक्षक होता आणि मुले होती. भाऊरावांच्या दृष्टीने तेवढ्याने शाळा पूर्ण होत असे.

१९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली. त्यांचे स्मारक म्हणून १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला आणि वृद्धापकाळातही त्यापायी खेडोपाडी भ्रमण केले. १९५४ मध्ये कऱ्हाड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि त्याच्या पुढील वर्षी साताऱ्यास मौलाना आझाद यांच्या नावाचे अध्यापक महाविद्यालय निघाले. संस्थांना दिलेली ही नावे पाहिली तरी त्यांच्या मनाची व्याप्ती ध्यानात येते.

अखेर

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण ही पदवी दिली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. जो मुलगा इंग्रजी सहावीच्या पुढे गेला नाही, ज्याच्यापेक्षा त्याचा बाक वर जाण्यास अधिक लायक ठरला होता, त्याच्यापुढे विद्यापीठ नम्र झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ मे १९५९ रोजी, पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पश्चात संस्थेचा विस्तार होतच राहिला. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह आहे आणि आज शेकडो शाखांतून लाखो विद्यार्थी तिच्या छायेत शिकत आहेत. त्यांत किती मुले घराण्यातील पहिली शिकणारी असतील याची कल्पनाच केलेली बरी.

आपल्यापुढील कर्तव्य

वाचकहो, थोरांची चरित्रे वाचून हात जोडणे सोपे असते. रयत शिक्षण संस्थेसारखी संस्था काढणे आपल्यापैकी कोणाला साधणारे नाही व कोणी तशी अपेक्षाही करीत नाही. परंतु भाऊरावांच्या चरित्राचा पहिला अध्याय आपल्या आवाक्यातील आहे. तो अध्याय पाटील मास्तरांचा होय. एक शिकलेला माणूस, एक ओसरी, एक दिवा आणि समोर अडलेले एक मूल, एवढेच त्यास लागते.

आपल्या ज्ञातीत आज शिक्षक आहेत, अभियंते आहेत, बँकांतून व कचेऱ्यांतून काम करणारे आहेत, सेवानिवृत्त होऊन वेळ कसा घालवावा या विवंचनेत असलेले वडीलधारे आहेत, घरकाम आटोपल्यावर दुपारी मोकळ्या असलेल्या सुशिक्षित भगिनी आहेत. आणि याच गावांत, याच आळ्यांतून, फी भरून शिकवणी लावणे ज्यांच्या आईबापांना शक्य नाही अशी मुलेही आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी एका मुलाला घेऊन बसणे कोणालाही जड जाऊ नये. त्यास रागावू नये, त्याची इतरांशी तुलना करू नये, पाचवीचे गणित येत नसेल तर संकोच न करता दुसरीपासून आरंभ करावा आणि त्याने आज काही खाल्ले आहे काय, हे आधी विचारावे. ते मूल आपल्या ज्ञातीचे असले तर उत्तमच. शेजारच्या दुसऱ्या ज्ञातीचे असले तरी त्याला आपल्या ओसरीवरून उठवू नये. भाऊरावांचे नाव घेऊन तसे करण्याचा अधिकार आपणास उरत नाही.

संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीपुढे मी एक विनंती लेखी ठेवली आहे. गुणवंतांची पारितोषिके आहेत तशीच राहावीत; परंतु एका वर्षी अनुत्तीर्ण झालेल्या गरजू विद्यार्थ्याचा अर्ज केवळ त्या कारणाने बाजूला ठेवला जाऊ नये आणि अशा प्रत्येक मुलास फीबरोबरच शिकविणारे एक माणूस नेमून द्यावे, असे तीत म्हटले आहे. समितीचा निर्णय यथावकाश होईल. तोवर मी स्वतः दोन मुले घेऊन बसण्यास आरंभ केला आहे. त्यांतील एकाची निमकी अद्याप पक्की झालेली नाही. पण मागील आठवड्यात त्याने आपण होऊन एक उदाहरण सोडवून आणले. उत्तर चुकले होते, परंतु पहिल्या तीन पायऱ्या बरोबर होत्या.

दुकानात कामाला राहिलेल्या त्या मुलाचा मी शोध घेतला. तो आता मोठा झाला आहे, संसारी आहे आणि मला भेटल्यावर त्याने अत्यंत आदराने मला बसावयास खुर्ची दिली. त्या अर्जाविषयी तो काही बोलला नाही. मीही बोलू शकलो नाही. पुढील वर्षी त्याची मुलगी शाळेत जाऊ लागेल, एवढे त्याने सांगितले. तिला अडेल तेव्हा माझी ओसरी उघडी आहे, असे मी त्यास सांगून आलो आहे.